हात द्यावा, आणि वेळेवर काढूनही घ्यावा

(पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांचा एक मेळावा सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाला. त्या मेळाव्यात एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांनी केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



मी डॉक्टर नाही, समाजसेवकही नाही. तीस वर्षे मुलांना गणित आणि विज्ञान शिकवले, एवढीच माझी ओळख. आज या व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला असेल, तर तो माझ्या धाकट्या भावाने. त्याच्या आजारपणात मी ज्या चुका केल्या, त्यांतून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवावे, अशी त्याचीच आज्ञा आहे. ‘दादा, चुका आधी सांग, शहाणपण मागाहून सांग,’ असे त्याने निघताना बजावले आहे. म्हणून आरंभ चुकांपासूनच करतो.

२०११ सालचा एप्रिल महिना. आपल्याकडे हा आंबे उतरवण्याचा हंगाम. भाऊ हातात झेला घेऊन कलमावर चढला होता. फांदी मोडली आणि तो पंधरा-सोळा फुटांवरून पाठीवर पडला. धावत आलेल्या गड्यांनी त्याचे हातपाय धरून त्याला उचलले, मीही एक खांदा धरला, आणि आम्ही त्याला रिक्षात दुमडून बसवले. त्या घाईत प्रेम होते, पण ज्ञान नव्हते. उंचावरून पडलेल्या माणसाच्या पाठीच्या मण्याला दुखापत झाली असेल, असे गृहीत धरावे. त्याला वाकवू नये, बसवू नये. डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदम उचलावे आणि सपाट फळीवर, फळी नसेल तर दाराच्या झडपेवर, निजवून न्यावे, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. आमच्या त्या उचलण्याने किती अपाय झाला, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. परंतु तो प्रश्न आजही रात्री मला जागा करतो. भारतात मज्जारज्जूच्या दुखापतींच्या प्रमुख कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या बरोबरीने उंचावरून पडणे हे कारण आहे. कोकणात तर माड, पोफळ आणि आंबा यांनी घरोघरी ही जोखीम आणून ठेवलेली आहे. म्हणून येथून गावी गेल्यावर निदान ही एक गोष्ट आपल्या वाडीत दहा जणांना सांगा, अशी माझी पहिली विनंती आहे.

बरे होणे म्हणजे काय?

छातीच्या मण्यांपैकी दहावा मणका मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, सळ्या आणि स्क्रू बसवून मणके स्थिर केले गेले. पण नाभीच्या खाली ना संवेदना, ना हालचाल. आम्ही प्रत्येक डॉक्टरला एकच प्रश्न विचारत होतो, ‘हा चालेल कधी?’ एका वृद्ध डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, ‘हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. हा जगेल कसा, कमावेल कसा, हसेल कसा, हेही विचारा.’ त्या वेळी मला त्यांचा राग आला. आज त्या वाक्यासाठी मी त्यांना वंदन करतो.

बंधू-भगिनींनो, मज्जारज्जू हा मेंदू आणि शरीर यांना जोडणारा संदेशवाहक दोर आहे. तो मानेत दुखावला तर हात आणि पाय दोन्ही दुर्बल होतात. छातीच्या किंवा कमरेच्या भागात दुखावला तर पाय जातात. त्याच्याबरोबर मूत्राशय, आतडे आणि त्वचेची संवेदना यांवरचा ताबाही जातो. इजा अपूर्ण असेल तर बरीच शक्ती परत येऊ शकते. जी सुधारणा व्हायची ती बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत होते आणि पुढे वर्ष-दोन वर्षे ती मंद गतीने चालू राहते. इजा पूर्ण असेल तर चालणे परत येण्याची शक्यता फार थोडी असते. हे सत्य रुग्णापासून लपवू नये. आम्ही दीड वर्ष लपवले. तो मात्र आमच्या चेहऱ्यांवरून ते पहिल्या महिन्यातच ओळखून बसला होता. आमच्यापुढे धीराचे नाटक करण्याचे जास्तीचे ओझे तेवढे त्याच्यावर पडले.

लपवाछपवीच्या त्या काळात आम्ही चमत्काराच्या मागेही धावलो. कोणी लेप सांगितला, कोणी तेल. कोणी लाखो रुपये घेऊन मूलपेशींची इंजेक्शने देऊ असे म्हणाले. सुदैवाने त्या वाटेने आम्ही गेलो नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही रक्ताच्या काही विकारांसारखे मान्यताप्राप्त उपयोग वगळता मूलपेशींचा वापर मान्य संशोधनाबाहेर करू नये, असे स्पष्ट केले आहे. पण शेकाच्या बाबतीत आम्ही फसलो. पाय गार लागतात म्हणून मीच गरम पाण्याची पिशवी त्याच्या पोटऱ्यांना लावली. त्याला चटका कळणे शक्य नव्हते. सकाळी पाहतो तो मोठाले फोड! ती जखम भरायला दोन महिने लागले आणि तेवढे दिवस व्यायाम बंद पडला. संवेदना नसलेल्या अंगाला शेक देऊ नये, कोणाकडूनही जोराने रगडून घेऊ नये, कारण वापर नसलेली हाडे ठिसूळ होतात आणि मोडल्याचे कळतही नाही.

दर दोन तासांचे व्रत

आपण ज्याला पुनर्वसन म्हणतो, त्याचा इतिहास फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कण्याला गोळी लागलेला सैनिक बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरत असे. तो मरे तो कण्याच्या जखमेने नव्हे, तर अंथरुणावर पडून झालेल्या जखमा आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांनी. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांचा विभाग सुरू केला. ते जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर होते. त्यांचे पहिले शस्त्र कोणते होते? नवे औषध नव्हे. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, हा नियम! आणि दुसरे शस्त्र म्हणजे काम आणि खेळ. २९ जुलै १९४८ या दिवशी लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे बीज ते.

हे दोन तासांचे व्रत आमच्या घरानेही पाळले. रात्री दहापर्यंत आई, दहा ते दोन मी, दोननंतर भावजय. मी शिक्षक, म्हणून शाळेच्या सवयीने एक वही घातली. तिच्यात रकाने आखले : कूस, लघवी, शौच, त्वचा. माकडहाड, नितंब, टाचा, घोटे या जागा रोज सकाळी पाहायच्या. कोठे लाली दिसली आणि दाबल्यावर ती गेली नाही, तर त्या जागेवर भार टाकायचा नाही. खुर्चीत बसू लागल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलायचे. लघवीसाठी कायमची नळी न ठेवता स्वच्छ हातांनी दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे. शौचाची वेळ रोज एकच. ज्यांच्या रुग्णाची इजा छातीच्या सहाव्या मण्याच्या किंवा त्याच्या वरची आहे, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : अचानक डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर रक्तदाब एकदम वाढलेला असू शकतो. लगेच बसते करावे, कपडे सैल करावेत, मूत्राशय तुंबले आहे का ते पाहावे आणि विलंब न लावता डॉक्टर गाठावा.

या विषयांवर चारचौघांत बोलायला आपल्याला संकोच वाटतो. पण रुग्णाचा जीव या संकोचानेच जातो, हे मी ठामपणे सांगतो.

बागेचा करार

इथपर्यंत आमची सेवा चोख होती, असे मला वाटत होते. गावात कौतुक होत होते. लोक मला ‘लक्ष्मणाचा राम झाला’ असे म्हणत. आणि त्याच काळात माझा भाऊ दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. जेवण दोन घास. व्यायामाला नकार. भिंतीकडे तोंड.

कारण मला चार महिन्यांनी कळले. हंगाम येत होता, फवारण्या करायच्या होत्या, मला शाळा सोडून बागेकडे पाहणे अशक्य होते. म्हणून मी बाग एका व्यापाऱ्याला तीन वर्षांच्या कराराने देऊन टाकली. कागद झाले, आगाऊ रक्कम आली. औषधोपचाराला पैसा हवाच होता. सगळे त्याच्याचसाठी तर केले! पण ही वार्ता त्याला कळली ती भेटायला आलेल्या शेजाऱ्याच्या तोंडून. त्या रात्री मी कूस बदलायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘दादा, माका इचारलंस तरी काय?’

मी त्याचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्याला मी वाढवले. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ती कलमे त्याने लावलेली. कोणत्या कलमाला कोणत्या वर्षी मोहोर आला, हे त्याला तोंडपाठ. निसर्गाने त्याचे पाय नेले होते. त्याचा शब्द मी नेला होता. गरम पिशवीने झालेली जखम दोन महिन्यांत भरली. ही जखम भरायला वर्ष लागले.

माझ्या सांगण्याचे सार या एका प्रसंगात आहे. आपल्या संस्कृतीत सेवेला धर्म मानले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु सेवेचीही एक धुंदी असते. ज्याची सेवा करतो त्याला आपण नकळत लहान करतो. त्याचा चहा आपण ओतायचा, त्याचे पैसे आपण मोजायचे, डॉक्टरने त्याला प्रश्न विचारला तर उत्तर आपण द्यायचे. रुग्ण समोर असताना ‘याला’, ‘ह्याचं’ अशी तिसऱ्या पुरुषी भाषा सुरू होते. रुग्णाची गरज दिवसेंदिवस कमी होत गेली, तरच ती सेवा खरी. गरज वाढतच गेली, तर ती कोठेतरी चुकते आहे, असे समजावे.

हात मागे बांधून

पुढे आम्ही त्याला पुण्याच्या एका पुनर्वसन केंद्रात दोन महिने ठेवले. तेथे पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हा नातेवाइकांना एक आज्ञा केली : ‘हात मागे बांधून उभे राहायचे.’ पलंग आणि चाकांची खुर्ची यांच्यामध्ये एक गुळगुळीत फळी टाकून त्याने स्वतः सरकायचे होते. पहिल्या दिवशी त्याला पंचवीस मिनिटे लागली. घामाने सदरा भिजला. एकदा तोल गेला तेव्हा आई पुढे धावली. तो म्हणाला, ‘आये, थांब जरा. हात लावू नको.’ आई थांबली. पदराचे टोक मुठीत घट्ट धरून ती माऊली उभी राहिली. मुलाला उचलून घेण्यापेक्षा न उचलता उभे राहायला किती बळ लागते, हे मी त्या दिवशी पाहिले. महिन्याअखेर तेच सरकणे त्याला दोन मिनिटांत जमू लागले.

घरी परतण्यापूर्वी घर बदलणे भाग होते. आपली कोकणी घरे म्हणजे पायऱ्या, पडवी, ओटी आणि दारोदारी उंबरठे. खुर्ची जायला दार निदान बत्तीस इंच रुंद हवे आणि उतार असा हवा की एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी मिळेल. उतार झाला, कमोडची सोय झाली, दारे रुंद झाली. प्रश्न आला तो मुख्य दाराच्या उंबरठ्याचा. ज्या उंबरठ्याची आईने चाळीस वर्षे पूजा केली, तो काढायचा कसा? गवंडी दोन दिवस थांबला होता. तिसऱ्या दिवशी आईनेच त्याला बोलावले आणि म्हणाली, ‘घरधनी अडतो तो उंबरठा कसला?’ उंबरठा निघाला. त्याच जागी जमिनीच्या पातळीत लाकडाची एक पट्टी बसवली. आई त्या पट्टीला शेवटपर्यंत हळदकुंकू वाहत होती आणि तिच्यावरून भावाची खुर्ची रोज आत-बाहेर जात होती. परंपरा कशी राखावी, याचा याहून चांगला धडा मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही.

सेवा करणाऱ्याचे काय?

एक गोष्ट सांगितली नाही तर माझ्या भावजयीवर अन्याय होईल. सेवेच्या पाळ्या तीन होत्या, पण उरलेली सगळी कामे तिची होती. मुलाची शाळा, स्वयंपाक, कपडे, गोठा. मला कौतुक मिळत होते, तिला मिळत नव्हते, कारण ‘ती बायको आहे, करणारच!’ एके सकाळी ती विहिरीवर चक्कर येऊन पडली. आणखी दोन हात अंतरावर पडली असती, तर आज मी येथे निराळे भाषण करत असतो. त्यानंतर आम्ही ठरवले : आठवड्यातून एक पूर्ण दिवस तिला सुट्टी. त्या दिवशी माझी बहीण येई किंवा वाडीतील दोन तरुण येत. फळे घेऊन भेटायला येणारे आणि ‘काय मागच्या जन्माचं भोगणं’ असे म्हणून उसासा टाकणारे पुष्कळ असतात. समाजाने फळे आणू नयेत. एक रात्रपाळी घ्यावी, बिछान्याच्या चादरी धुवाव्यात, त्या माऊलीला एक दिवस माहेरी पाठवावे. संघटित समाजाची परीक्षा अशाच घरात होते. आणि पती-पत्नींना स्वतःचा असा एकांत मिळू द्यावा. ती प्रथम पत्नी आहे, परिचारिका नंतर.

मनाच्या आजाराकडेही दुर्लक्ष करू नका. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर खिन्नता येणे हा दुबळेपणा नव्हे. झोप उडाली, जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. ‘देवाचे नाव घे, सगळे ठीक होईल’ एवढ्यावर सोडू नये. देवाचे नावही घ्यावे आणि औषधही.

वहीची पुढची पाने

आता थोडे आशेविषयी. आशा हवी, पण ती खऱ्या माणसांची हवी. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले. एक गोळी कण्यात राहिली. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली. मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया यांनी २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्ट सर केले आणि त्याच वर्षीच्या युद्धात कण्याला गोळी लागून त्यांचे चालणे थांबले. दिल्लीतील इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर ही त्यांचीच उभारणी. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पक्षाघात झाला आणि त्यांनी शेकडो अपंगांना घर, शिक्षण व रोजगार देणारी संस्था उभी केली. खडकीला १९७४ पासून जखमी सैनिकांचे पुनर्वसन केंद्र चालू आहे. या सर्वांना हात देणारे कोणीतरी होते, आणि वेळेवर हात काढून घेणारेही होते.

माझा भाऊ विक्रमवीर नाही. करार संपल्यावर बाग त्याने पुन्हा ताब्यात घेतली. बाजूला दोन चाके लावलेल्या स्कूटरवरून तो बागेत फिरतो. पावसाळ्याच्या आरंभी कोयी रुजत घालतो आणि रोपाचा शेंडा तांबूस, कोवळा असतानाच पाचर मारून कोय कलमे बांधतो. हे काम बसूनच करायचे असते. खुर्चीच्या उंचीचे टेबल त्याने स्वतः सुताराकडून करून घेतले. दोन गडी त्याच्या हाताखाली शिकले. तो चालत नाही. पण त्याने लावलेली कलमे आज तीन तालुक्यांत उभी आहेत.

आणि ती वही? ती मी आज सोबत आणली आहे. तिच्यातील पहिली पाने माझ्या अक्षरात आहेत. २०१२ च्या पावसाळ्यात, बागेच्या करारावरून झालेल्या त्या अबोल्यानंतर, मी एके सकाळी वही आणि हातात धरायचा एक लहान आरसा त्याच्या उशाशी ठेवला. म्हणालो, ‘आजपासून पाठीची त्वचा तू आरशात पाहायचीस आणि तूच लिहायचेस. चुकले तर मी सांगणार नाही, तू विचारलेस तर सांगेन.’ त्याने बराच वेळ वहीकडे पाहिले आणि पेन मागितले. पुढची सगळी पाने त्याच्या अक्षरात आहेत.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज वहीची पहिली पाने लिहिली जात आहेत. ती नीट, न कंटाळता, न लाजता लिहा. परंतु लिहिताना मनाशी हे ठरवून ठेवा की पेन एक दिवस परत करायचे आहे. ते पेन ज्याचे आहे त्याच्या हाती आपण स्वतः ठेवू, तो दिवस आपल्या सेवेच्या सार्थकतेचा.